आवक-जावक अण्णा

अण्णांच्या ओटीवर पाऊल टाकलं की आधी आपल्याला नंबर मिळायचा. तुम्ही सोयरे असा, शेजारी असा, नाहीतर दुधाचा रतीब घालायला आलेले असा. अण्णा समोरची लांबट वही उघडायचे, टाक दौतीत बुडवायचे आणि तुमची आवक करायचे. क्रमांक, वेळ, नाव, येण्याचं कारण आणि शेवटी शेरा. उठलात की जावक. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहितात ते कुणाला दिसत नसे, कारण लिहून झाल्याबरोबर त्यावर टिपकागद दाबून वही मिटलेली असे. एकदा ते आंघोळीला गेले असताना मी ती वही चाळली. माझ्या नावापुढे सलग तीन दिवस 'अकारण' असा शेरा होता. मी वही मिटली आणि अकारणच घरी आलो.

सगळं दिवेआगर त्यांना आवक-जावक अण्णा म्हणायचं. तोंडावर नुसतं अण्णा.

मुंबईतल्या एका मोठ्या कॉलेजच्या हापिसात त्यांनी उभा जन्म काढला होता. हेडक्लार्क होऊन ते रिटायर झाले आणि गावी आले ते एक ट्रंक, एक छत्री आणि काळा अल्पाकाचा कोट घेऊन. लग्न केलेलं नव्हतं. घरात विधवा थोरली बहीण, आक्का. वाडी होती, सुपारीच्या पन्नासेक पोफळी होत्या, विहीर होती. माणसानं सुखानं झोपाळ्यावर बसावं. पण अण्णांना बसता येईना. पंधरा दिवसांत त्यांनी ओटीचं हापिस केलं. अकरा वाजले की धोतरावर तो कोट चढायचा. पाच वाजता उतरायचा. दीड वाजता टिफिन. स्वैपाकघर ओटीपासून दहा पावलांवर, पण पान मांडून हाक मारलेली चालायची नाही. डबा भरून ओटीवर यायला हवा. आक्का डबा आदळून म्हणायची, "घ्या साहेब. रेल्वेनं आलाय, निवला असेल."

आक्काच्या जिभेला धार होती आणि धार लागायला कारणही होतं. तिचा मुलगा श्रीपाद याचा कॉलेजचा अर्ज काही वर्षांपूर्वी अण्णांच्याच टेबलावर गेला होता. पालकाची सही राहिली होती. पालक म्हणजे आक्का. अण्णांनी आपल्या सख्ख्या भाच्याचा अर्ज 'अपूर्ण' असा शेरा मारून टपालानं परत दिवेआगरला पाठवला. तो पोचेपर्यंत मुदत टळली. श्रीपाद मग दादरच्या एका कापडाच्या दुकानात लागला. आक्का दोन वर्षं भावाशी बोलली नाही. तिसऱ्या वर्षी बोलली ते असं: "हा माणूस मेला तर यमाच्या दारात उभा राहून यमालाच विचारील, तुमचा अर्ज कुठाय?"

तेव्हापासून आमच्या पंचक्रोशीतलं कुणी कॉलेजच्या कामासाठी अण्णांच्या वाटेला जात नसे. आपल्याकडचा म्हटला की ते जास्तच ताठ होतात अशी त्यांची कीर्ती होती. मुंबईत कुणी विचारलं, अण्णा, तुमचं गाव कोणतं, तर म्हणायचे, "हापिसात मला गाव नाही."

आता माझ्या पराक्रमाकडे वळतो. मॅट्रिकला मला बरे गुण पडले. बरे म्हणजे माझं मलाच आश्चर्य वाटावं इतके. मुंबईच्या त्याच कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षासाठी अर्ज करायचं ठरलं. अर्जासोबत गुणपत्रिकेची नक्कल लागे. ती मी सुवाच्य अक्षरात केली आणि हेडमास्तरांनी खाली 'खरी नक्कल' म्हणून सही-शिक्का दिला. सगळं जमलं होतं. पण आमच्याकडे सुपारीशिवाय काही हलत नाही. लग्नाचं बोलावणं सुपारीनं, गावकीची बैठक सुपारीनं, आणि कार्याच्या आरंभी गणपती म्हणून पुजायची तीही सुपारीच. बाबांनी अर्जाचा गठ्ठा देवापुढे ठेवला, सुपारीला यथासांग स्नान घातलं आणि ती तशीच ओली गठ्ठ्यावर विराजमान केली. म्हणाले, "रात्रभर राहू दे. देवाला वाचायला वेळ नको?"

देवानं वाचलं. सकाळी नकलेच्या मधोमध रुपयाएवढा तपकिरी डाग होता आणि त्याच्या पोटात माझं गणित गेलं होतं. सुपारीचा डाग काय असतो ते आमच्याकडच्या धोतरांना विचारा. मी बाबांना काही बोललो नाही. दाढीचं पातं घेऊन डाग खरवडला, आणि गणितात मिळाले होते तेच एकाहत्तर, दुसऱ्या दौतीतल्या शाईनं, पुन्हा लिहिले. मी एकाही गुणाची लबाडी केली नव्हती. पण तो कागद बघून कुणीही म्हटलं असतं की हा पोरगा सतरावरून एकाहत्तरावर गेलाय. प्रामाणिकपणे लबाड ठरण्याची ही कला मला उपजतच होती.

महिन्याभरात छापील चिठ्ठी आली. कागदपत्रे सदोष, अर्ज नामंजूर. बोर्लीहून टपाल घेऊन येणारा धर्मा पोस्टमन माझं तोंड बघत उभा राहिला. मी त्याला सांगितलं की जागा भरल्या. बाबांनाही तेच सांगितलं. धर्मा म्हणाला, "भरल्या व्हय? एवढ्या मोठ्या म्हमईत एक जागा न्हाय?" आणि सायकलवर बसून गेला. संध्याकाळपर्यंत बोर्ली पंचतनच्या बाजारात माझ्यासाठी मुंबई भरली होती.

मग बाबांच्या चुलतभावाच्या आधारानं मी घाटावरच्या एका छोट्या कॉलेजात पहिलं वर्ष केलं. कॉलेज नवीन, विद्यापीठ वेगळं, आणि सायन्सचं तिथं एकच वर्ष होतं. पुढचा वर्ग मंजूर व्हायचा होता. म्हणजे दुसऱ्या वर्षाला, इंटरला, मुंबईत बदली मिळाली तर शिक्षण, नाहीतर संपलं. बाबांनी श्रीवर्धनच्या एका सुपारीच्या व्यापाऱ्याकडे बोलणं करून ठेवलं होतं. जूनअखेर काही झालं नाही तर त्याच्या वखारीत बसून मी सुपारी निवडायची. लहान इकडे, मोठी तिकडे, किडकी पलीकडे. ज्या फळानं माझं गणित खाल्लं त्याच्याच राशीत आयुष्य काढायचं या विचारानं माझी झोप उडाली होती.

एप्रिलमध्ये सुट्टीवर आलो तेव्हा अण्णा येऊन तीन महिने झाले होते. बाबा म्हणाले, "जा त्याच्याकडे. आता हापिस सुटलं, तर शपथही सुटली असेल."

माझी आवक झाली. अण्णांनी वहीत नाव लिहिलं आणि टाक क्षणभर तसाच धरून ठेवला. मग विचारलं, "अर्जदार, गेल्या साली प्रवेश का नाही मिळाला?"

त्यांच्याच हापिसानं नामंजूर केलेला अर्ज. पण दरसाल हजारो अर्ज येतात, त्यातला माझा ते कशाला लक्षात ठेवतील असा हिशेब करून मी ठोकून दिलं, "जागा भरल्या होत्या."

"अस्सं," अण्णा म्हणाले. "भरल्या असतील."

त्या दिवसापासून मी त्यांचा अर्जदार झालो. मुकुंदा अशी हाक ते मला मारत नसत. रोज अकराला हजर. आधी हात धुवायचे, ते त्यांच्या पंच्याला पुसायचे, मग पालथे-सुलटे करून दाखवायचे. एक अर्ज त्यांनी माझ्याकडून अकरा वेळा लिहून घेतला. पहिल्या अर्जात मी घरची परिस्थिती इतकी हलाखीची रंगवली होती की वाचून मलाच भडभडून आलं. अण्णांनी त्यावर एक सरळ रेघ मारली. "कागदानं बोलावं, रडू नये. रडणारा कागद क्लार्क सगळ्यांत खाली ठेवतो." दुसऱ्यात मी जरा पांडित्य दाखवलं. त्यावर दुसरी रेघ. "तुमची अक्कल कॉलेजात दाखवा. इथं फक्त तारीख दाखवा."

दुपारनंतर प्रात्यक्षिक असे. ओटीला लागून कोठीची खोली होती, तिला गजांची खिडकी. अण्णा आत बसायचे आणि मी बाहेर अंगणात उन्हात उभा. अर्ज गजांतून आत द्यायचा. खिडकीच्या फळीवर कोपर टेकायचं नाही. आधी नमस्कार नाही, आधी कागद. क्लार्कनं मान वर केल्याशिवाय बोलायचं नाही. अण्णा मान वर करायचेच नाहीत. एके दिवशी तब्बल पाऊण तास मी तापल्या अंगणात एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो. शेवटी मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतल्या घड्याळात पाच झाले आणि माझ्या वाक्याच्या मध्यावर खिडकी लागली. आतून आवाज आला, "उद्या या."

आक्का विहिरीवरून हे बघत होती. ती म्हणाली, "मुकुंदा, दगड घाल त्या खिडकीत. मी बघितलं नाही म्हणेन."

एक विचित्र नियम मात्र मला कळत नसे. अर्ज लिहिताना सुपारी घरात कुठंही दिसता कामा नये. ज्या घराच्या पडवीत पोत्यांनी सुपारी, त्या घरात अण्णा स्वतः उठून पानाचं तबक आत ठेवून यायचे. मला वाटलं, म्हातारपणची सनक.

मेअखेरीला अर्जाची पक्की प्रत तयार झाली. बाबा ती बघायला आले आणि व्हायचं तेच झालं. त्यांनी कागद कपाळाला लावला आणि म्हणाले, "आज रात्री देवापुढे ठेवतो." बोलावं तर गेल्या सालचं सगळं उघडं पडणार. गप्प राहण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

अण्णा उठले. आत गेले, एक सुपारी घेऊन आले. ती पंच्यानं पुसली, पुन्हा पुसली, कोटाच्या बाहीवर घासली. मग अर्जावर टिपकागद ठेवला, त्यावर आणखी एक टिपकागद, आणि त्यावर ती सुपारी. बाबांना म्हणाले, "देवाला वाचू दे. पण कोरड्या अंगानं."

बाबा भाविकपणे नमस्कार करून गेले. मी तिथंच बसून राहिलो. ओल्या सुपारीची गोष्ट मी जगात कुणालाही सांगितली नव्हती.

"अण्णा," मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

अण्णांनी कोट काढला. साडेतीनच वाजले होते. कोट काढून त्यांनी तो गुडघ्यावर घडी करून ठेवला आणि खिडकीकडे बघत बोलत राहिले. माझा अर्ज त्यांच्या हाताखालच्या माणसानं 'खाडाखोड' म्हणून आणून टाकला होता. इतरांना तो चहाचा डाग वाटला. अण्णांना मात्र बघताक्षणी कळलं की ही सुपारी आहे, धुतलेली आहे, म्हणजे देवापुढची आहे, आणि पोरानं भिऊन खरवडलं आहे. मुदत संपायला चार दिवस होते. नवी नक्कल मागवायला एक कार्ड पुरलं असतं. कार्ड त्यांनी लिहिलंही होतं.

"मग?"

"मग विचार केला, डाग सुपारीचा हे तुम्हाला कसं कळलं असं कुणी विचारलं तर सांगावं लागेल, मी दिवेआगरचा आहे. एवढी वर्षं जे केलं नाही ते एका कार्डासाठी कशाला करायचं." त्यांनी कोटाची घडी पुन्हा सारखी केली. "श्रीपादच्या वेळी निदान सही तरी नव्हती. तुझ्या वेळी काहीच कारण नव्हतं. मी लिहिलं, नामंजूर."

मला राग यायला हवा होता. पण अण्णा इतके लहान दिसत होते की राग ठेवायला जागा होईना. शिवाय जागा भरल्या होत्या असं सांगणारा मीच. मी म्हटलं, "पण एकाहत्तर खरेच होते."

"ते मला माहीत होतं," अण्णा म्हणाले. "सतराचे एकाहत्तर करणारा इतकं वाईट खरवडत नाही."

आता सगळं तयार होतं, फक्त घाटावरच्या विद्यापीठाचा स्थलांतराचा दाखला यायचा होता. त्याशिवाय दुसऱ्या विद्यापीठात पाय ठेवता येत नाही. तीन पत्रं घातली. शेवटी उत्तर आलं की दाखला आमच्या कॉलेजात पोचला आहे, तिथून तो थेट मुंबईला पाठवू आणि पाठवला की कळवू, प्राचार्यांच्या सहीसाठी थांबला आहे. जून लागला. बोटी बंद झाल्या. शेवटची तारीख जवळ आली तसे अण्णा कोट घालून रोज बोर्लीच्या वाटेवर धर्माची वाट बघत उभे राहू लागले. लांबूनच धर्मा हात हलवायचा: न्हाय, आज बी न्हाय.

एक दिवस अण्णा म्हणाले, "दाखल्याशिवाय निघायचं. मी येतो."

आक्काच्या हातातलं भांडं थांबलं. तिनं डबा भरला आणि या वेळी आदळला नाही.

एस.टी.नं अंग खिळखिळं करून घेत आम्ही मुंबईला पोचलो. गिरगावात मावशीकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी अकराच्या आधी कॉलेजच्या खिडकीसमोर रांगेत. आमच्या पुढे तीसचाळीस पोरं. आतून एक शिपाई आला, त्यानं अण्णांना ओळखलं, वाकून नमस्कार केला आणि बाजूचं दार उघडून धरलं. "साहेब, इथं कशाला? आत या."

"आज मी बाहेरचा आहे," अण्णा म्हणाले आणि छत्री दुसऱ्या हातात घेतली.

दोन तास ते उभे होते. मला तेव्हा लक्षात आलं की त्या हापिसाची ही बाजू त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. ते खिडकीकडे बघत होते, भिंतीवरच्या फाटक्या नोटिशीकडे बघत होते, पायाखालच्या चिखलाकडे बघत होते. एकदा हळूच म्हणाले, "इथं एक बाक हवा होता."

आमचा नंबर आला. आत सावंत म्हणून क्लार्क होते, अण्णांच्याच हाताखाली तयार झालेले. अण्णांनी शिकवल्याप्रमाणे मी आधी कागद दिला आणि कोपर टेकलं नाही. सावंतांनी मान वर केली नाही. कागद चाळले, थांबले आणि अर्ज परत सरकवला. स्थलांतराचा दाखला नाही, अर्ज अपूर्ण. मग त्यांनी वर पाहिलं आणि खुर्चीतून उठलेच.

"साहेब, तुम्ही?"

"बसा. अर्जदार माझ्या गावचा आहे," अण्णा म्हणाले. हे वाक्य त्या हापिसात त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघत होतं आणि ते आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू गेलं. "दाखला वाटेत आहे. मुदतीला चार दिवस आहेत. त्यांच्या कॉलेजला एक कार्ड टाका आणि अर्ज ठेवून घ्या."

सावंत बिचारे अवघडले. म्हणाले, "साहेब, अपुरा कागद आला की परत करायचा, हे तुम्हीच शिकवलंत."

अण्णांनी छत्री भिंतीला टेकवली. दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले. कोपरं फळीवर टेकली.

"चुकीचं शिकवलं," ते म्हणाले.

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. सावंत बराच वेळ त्या कोपरांकडे बघत होते. मग त्यांनी खण उघडला, एक कोरं कार्ड काढलं आणि पत्ता लिहायला घेतला. अण्णा गज धरून, लिहून पूर्ण होईपर्यंत बघत राहिले. टिपकागद त्यांच्या खिशात होता. तो त्यांनी गजांतून आत दिला.

दाखला तिसऱ्या दिवशी आला. सुपारीच्या वखारीतली माझी जागा, सांगायला आनंद वाटतो, दुसऱ्या कुणीतरी भरली.

अण्णांना एस.टी.त बसवून द्यायला गेलो. सामान म्हणजे छत्री आणि रिकामा डबा. गाडी सुटायच्या बेतात असताना त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कार्ड काढलं आणि खिडकीतून माझ्या हातात दिलं. "मुकुंदा, एवढं पेटीत टाक."

गाडी गेल्यावर मी ते बघितलं. पत्ता बाबांचा होता. मजकूर इंग्रजीत, एका ओळीचा: आपल्या मुलाच्या गुणपत्रिकेची स्वच्छ नक्कल उलट टपाली पाठवावी. खाली अण्णांची सही. तारीख गेल्या सालच्या जूनची. कडा पिवळ्या पडल्या होत्या. मी ते कार्ड दोनतीनदा उलटसुलट केलं. फाडून टाकावं असंही एकदा वाटलं. मग पेटीत टाकलं.

पंधरा दिवसांनी बाबांचं पत्र आलं. धर्मानं एक इंग्रजी कार्ड आणून दिलं होतं, ते घेऊन बाबा अण्णांकडे गेले. अण्णांनी कार्डाची रीतसर आवक केली, मोठ्यानं वाचून अर्थ सांगितला आणि उत्तराची आता आवश्यकता नाही म्हणाले. बाबांनी पुढे लिहिलं होतं, "तरी हेडमास्तरांकडून स्वच्छ नक्कल करून घेऊन ठेवली आहे. लागली तर कळव. या वेळी वर सुपारी ठेवलेली नाही." त्यांना हे कुणी सांगितलं ते मी आजवर विचारलेलं नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा अण्णा ओटीवरच होते. कोट अंगावर होता, पण तो आता हँगरवर टांगल्यासारखा दिसत होता. आक्का सांगत होती की हल्ली डबा चालत नाही, पेज लागते, आणि ती स्वतःच भरवते. माझी आवक झाली. मग अण्णांनी वहीची पानं मागे उलटली आणि आपणहून, पहिल्यांदाच, वही माझ्यापुढे फिरवली. एका ओळीवर बोट ठेवलं. आवक, कार्ड एक. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: उशिरा मिळाले. दोष पाठवणाऱ्याचा.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. घड्याळात पाच झाले. पण अण्णा उठले नाहीत, कोटही काढला नाही. त्यांनी वही आपल्याकडे फिरवून घेतली, खिशातला टिपकागद काढला आणि चार महिन्यांपूर्वी वाळलेल्या त्या शाईवर तो हळूच, दोन्ही तळव्यांनी, दाबून धरला.